हळू बोलायचं यंत्र

गेल्या महिन्यात नातवाने मला नवा फोन आणून दिला. मी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, याला स्क्रू कुठे आहे? तो हसला. म्हणाला, आजी, याला स्क्रू नसतो, हा आपण उघडायचाच नसतो.  रामटेके बाई असत्या तर त्यांनी तो फोन उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. जी वस्तू उघडून पाहता येत नाही ती आपली नाही, असं त्यांचं मत होतं, आणि मत बदलण्याची सवय त्यांना नव्हती. त्या दिवसापासून त्यांची आठवण जी आली आहे, ती काही जायला तयार नाही.

शहात्तर साली दिघोरीच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. माहेर सानगडीचं, वय बावीस, सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. मुख्याध्यापकांनी सांगितलं, गावात न गळणारी एकच खोली रिकामी आहे, रामटेके बाईंच्या घराला लागून. घर बौद्ध वस्तीत होतं. माझ्या वडिलांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, गावात दुसरीकडे चार खोल्या पाहिल्या, चारही गळत होत्या. शेवटी बाईंकडे येऊन चहा पिऊन गेले. जाताना मला म्हणाले, "राह्य इथंच. या बाईनं छपराची कवलं स्वतः चढून बसवली म्हणते." माझ्या वडिलांवर इतकी छाप पडलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

बाई तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. ठेंगण्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. शाळेच्या पिशवीत खडू, हजेरीपुस्तक आणि पेचकस. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक भाजून भाजून गुळगुळीत झालेलं. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पाटीवर आकृती काढून समजावलं असतं, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत आणि घरी आल्या की आपलं. घर कसलं, कारखानाच तो. पोस्टाने रेडिओ शिकवणारा एक अभ्यासक्रम त्यांनी तरुणपणी लावला होता. धडे इंग्रजीत, आणि इंग्रजी शब्दकोश गावात एकच, तोही मुख्याध्यापकांच्या कपाटात. रोज मधल्या सुट्टीत जाऊन पाच-पाच शब्द उतरवून आणत त्यांनी दोन वर्षांत अभ्यासक्रम पुरा केला आणि स्वतःच्या हाताने रेडिओ बनवला. त्याची तार त्यांनी बांबूच्या नळीवर गुंडाळली होती आणि ऐकायला कानात घालायची बोंडी होती. बारीकसारीक भाग काड्यापेट्यांत भरून ठेवलेले, प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. काडी पेटवायची म्हणून घाईने पेटी उघडावी तर आत रंगीत पट्ट्यांचे मणी. तारा जोडताना राळ लावून डाख द्यायचा दांडा त्या चुलीतल्या निखाऱ्यांवर तापवत, भाताच्या पातेल्याला लागूनच, त्यामुळे आमच्या वरणाला राळेचा वास यायचा. सहा वर्षं मी ते वरण खाल्लं. आज कुठे राळ जळाली तर मला भूक लागते.

त्यांचा एक नियम होता. कुणासाठी काही बनवलं की त्याचा शेवटचा स्क्रू त्या स्वतः लावत नसत. ज्याची वस्तू त्याला बोलावून घ्यायचं, झाकण उघडं ठेवून आत काय काय आहे ते दाखवायचं, आणि मग पेचकस त्याच्या हातात द्यायचा. "आतमंधी भूत नाही, तार हाये," असं म्हणायचं. "पाहून घे, अन् मंग आवळ." हा नियम मुळात त्यांच्या वडिलांचा. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातले देव तलावात सोडले आणि लेकीला सांगितलं की ज्याचं कारण समजत नाही त्याला यापुढे हात जोडायचे नाहीत, कारण शोधायचं. लेकीने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

त्याचा पहिला बळी माझी पेटी. उन्हाळा होता, बाई दोन दिवस माझ्या पेटीकडे बघत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की लुगडी ठेवायला दोरी चालणार नाही का. पेटीत आणखी एक पत्र्याचा डबा बसवला. दोहोंच्या मधल्या जागेत धानाचा तूस ठासून भरला. आतून जवसाच्या तेलात काजळी कालवून काळा रंग दिला. वर काच, आणि झाकणाला आतून आरसा. सकाळी दहाला तांदूळ-पाणी ठेवून आम्ही शाळेत गेलो, मधल्या सुट्टीत आलो तर भात तयार. चूल नाही, धूर नाही. अर्ध्या वस्तीने येऊन पाहिलं. शेजारच्या फुलाबाईंनी तर पेटीसमोर चक्क हात जोडले. बाईंनी ते हात धरून सोडवले, पेटीची एक बाजू उघडली आणि फुलाबाईंची मूठ आतल्या तुसात खुपसली. हा तुह्याच घरचा तूस, म्हणाल्या, अन् वरून ऊन, त्याच्या कायले पाया पडतेस? फुलाबाईंनी शेवटचा स्क्रू आवळला आणि तेव्हापासून ती चूल मी बनवली असं त्या गावभर सांगत सुटल्या. माझी लुगडी मात्र दोरीवर गेली ती गेलीच.

काशिरामभाऊंच्या घंटीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांच्या शेताला लागून बोडी होती. आमच्याकडे धानाच्या पाण्यासाठी असे छोटे तलाव असतात, त्यांना बोडी म्हणतात. पावसाळ्यात ती भरून तिची पार, म्हणजे बांध, फुटायची भीती, म्हणून काशिरामभाऊ दिवसातून दहा वेळा पाहायला पळायचे. बाईंनी वाळक्या भोपळ्याचा तुंबा पाण्यावर सोडला, पाणी चढलं की तुंबा वर येणार, तारेला तार लागणार आणि भाऊंच्या ओसरीवर घंटी वाजणार. घंटीसुद्धा घरचीच, खिळ्यावर तार गुंडाळून केलेली. चार दिवसांनी भाऊ तक्रार घेऊन आले. घंटी रोज भर दुपारी वाजते, मी ताटावरून उठून पळतो, आणि बोडी निम्मीसुद्धा भरलेली नसते. तुमची घंटी खोटी बोलते, बाई.

हा आरोप बाईंना फार लागला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या बोडीच्या पारीवर छत्री घेऊन जाऊन बसल्या, सोबत मला बसवलं. दुपारी भाऊंच्याच चार म्हशी डुलत डुलत आल्या आणि पाण्यात शिरल्या. लाटा उठल्या, तुंबा वर उडाला आणि लांब ओसरीवर घंटी वाजली. बाईंनी तारेची जागा बदलून देते म्हटलं, तर भाऊच नको म्हणाले. घंटी वाजली की म्हशी बोडीत आहेत हे घरबसल्या कळतं, त्यांना शोधत फिरायचं काम वाचलं, तेव्हा आहे ते उत्तम आहे. बाई दोन दिवस रुसून होत्या. वस्तू ज्यासाठी बनवली त्यासाठीच वापरावी, नाहीतर बनवणाऱ्याने झक मारली का, असं त्या मला ऐकवत राहिल्या, जणू म्हशी माझ्याच होत्या.

घरात बाई आणि त्यांची माय अशी दोघीच. माय सत्तरीची, ताठ कण्याची, आणि पूर्ण बहिरी. मी गेले त्याच्या चार-पाच वर्षं आधी तिचे कान गेले होते. घासाघीस करून भाजी घेणं, शेळी बांधणं, माझ्या डोक्याला तेल लावून देणं, सगळं ती करायची, पण तिच्याशी बोलायचं तर गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागे, आणि तरी तिसऱ्या घरातल्या माणसाला आधी कळे, तिला नंतर. त्यामुळे मायलेकी खुणांनी बोलत. धाकटा मुलगा मधू एका ठेकेदाराबरोबर कलकत्त्याकडे कामाला गेला होता. जाताना त्याने बाईंचा तो पहिला रेडिओ नेला होता. त्याचा शेवटचा स्क्रू त्यानेच आवळला होता, असं माय मला दर आठवड्याला सांगायची. दोन-तीन महिन्यांनी त्याचं पत्र येई. बाई ते मायच्या हातात देत, माय ते उलटंसुलटं करून छातीशी धरी, आणि बाई दोन्ही तळवे पसरून सगळं ठीक आहे अशी खूण करत. त्या घरातलं पत्रवाचन ते एवढंच.

मी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी पत्र आलं ते शाळेच्या पत्त्यावर, हिंदीत, परक्या अक्षरात. तिसरीच्या वर्गाबाहेर उभ्या राहून बाईंनी ते वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि आत जाऊन उरलेला भागाकार पुरा केला. मला त्यांनी ते संध्याकाळी दाखवलं. मधू काविळीने गेला होता. सोबतच्या लोकांनी सगळं नीट केलं होतं. रेडिओ आमच्याजवळ आहे, कुणी आलं तर देऊ, असं शेवटी लिहिलं होतं.

मी रडले. बाई रडल्या नाहीत. त्या मायकडे बघत होत्या. माय अंगणात तांदूळ पाखडत होती आणि सुपातला खडा शोधत होती.

आता मायला सांगायचं होतं. तिला वाचता येत नव्हतं. ही काही खुणेने सांगायची गोष्ट नव्हे, निदान बाईंना ती खूण करता येईना. राहिलं ओरडणं. वस्तीत नको म्हणून एका रविवारी त्या मायला घेऊन तलावाच्या पारीवर गेल्या. तिथे कोणी नव्हतं. मायच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी सगळा जीव एकवटून हाक मारली, "माय, मधू..." आणि पलीकडच्या काठावरून गुराख्याने विचारलं, काय झालं जी बाई? माय हसून म्हणाली, हो, येईल तो दिवाळीले. बाई तिला घेऊन परत आल्या.

त्या दिवशी चुलीपाशी बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते मला शब्द न शब्द आठवतं. "काही गोष्टी वरडून नाही सांगता येत, शोभा. पोरगा गेला हे मायले मी वरडून कशी सांगू? मले हळू बोलता आलं पाह्यजे. तसं काही बनवा लागते."

आणि त्या बनवायला बसल्या. कानाचं यंत्र मोठ्या शहरात विकत मिळतं हे त्यांना ठाऊक होतं, पण ते आपल्या आवाक्यातलं नाही हेही ठाऊक होतं. भंडाऱ्याच्या भंगारातून जुन्या टेलिफोनचा बोलायचा भाग मिळवला. काही सामान नागपूरहून पोस्टाने आलं. डबी म्हणून माझी साबणदाणी गेली, त्याबद्दल मी अक्षर काढलं नाही. पाच-सहा महिने चाललं ते काम. आधी नुसतीच शिट्टी वाजायची. शिट्टी थांबली तर लुगड्याला डबी घासून अशी खरखर व्हायची, जणू कोणी पाल्यापाचोळ्यातून चालत आहे. मग त्यांनी आत सावरीचा कापूस भरला, डबीला गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिवली. तपासणी माझ्यावर. मी माझ्या खोलीत कानात बोंडी घालून बसायची, बाई त्यांच्या खोलीत डबीपाशी कुजबुजायच्या, आणि मी ऐकलेलं कागदावर लिहायचं. त्या पाढे म्हणत. सतरा चोक अडुसष्ट. एकोणीस पाचे पंच्याण्णव. महिनोन्महिने पाढे. जे वाक्य बोलण्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते त्यांनी एकदाही डबीत बोलून पाहिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

ठरला तो दिवस रविवारचा. बाईंनी सकाळीच न्हाऊन घेतलं, मायला मांडवाखाली पाटावर बसवलं. मी बाहेर जाते म्हटलं, तर हाताला धरून थांबवलं. नियमाप्रमाणे झाकण उघडं ठेवून डबी मायसमोर धरली. माय काही आत बघेना. "तू बनवलं ना? मंग काय पाहू?" म्हणाली, पेचकस घेतला आणि स्क्रू आवळून मोकळी झाली. बाईंनी बोंडी तिच्या कानात बसवली आणि बटण फिरवलं.

कोंबडी ओरडली. माय दचकून मागे सरकली. मग माझ्या बांगड्यांकडे पाहिलं, मग शेळीकडे. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि आपण एकमेकींशी बोलतो त्या आवाजात म्हणाल्या, "माय."

माय कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती बुढा झाला तुहा आवाज, सकू."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं. त्यांनी श्वास घेतला. आता बोलणार, हे मला दिसलं, आणि मी नजर खाली घातली. पण मायनेच हात वर करून त्यांना थांबवलं. डबी दोन्ही हातांनी धरली, तोंडाजवळ नेली आणि त्या डबीशी बोलायला लागली.

"मधू, बाबू, मी बोलून राहिली, तुही माय. तुह्या बहिणीनं मलेबी खोकं बनवून देल्लं. आता पत्र नको धाडू, आइकत जाय. धान बरं हाये औंदा. तू जेवत जाय वेळेवर."

मायचा हिशेब सरळ होता. मधूजवळ एक खोकं, ते सकूच्या हातचं. हे दुसरं खोकं, तेही सकूच्याच हातचं. आत तीच तार, तीच बोंडी. मग इथलं बोललेलं तिथे जाणार नाही तर कुठे जाईल? तिला स्वतःचा आवाज कानात घुमताना ऐकू येत होता, तेव्हा तो निघाला आहे याची तिला खात्रीच पटली. तिने विचारलं, पोचलं ना?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या पेचकस घेतील. फुलाबाईंची मूठ तुसात खुपसणारी बाई ती. स्क्रू एकच होता, झाकण उघडायचं, ही तार इथून निघते आणि इथेच संपते, एवढं दाखवायचं. पेचकस त्यांच्या हातातच होता.

त्यांनी मान डोलावली. पोचलं.

त्यानंतर रोज शाळा सुटून आम्ही घरी यायच्या वेळी माय उंबऱ्यावर बसून मधूशी बोलत असायची. धानाची रोवणी कुठवर आली, फुलाबाईच्या गाईने काय केलं, बहिणीचा चष्मा कसा मोडला. बटण पूर्ण फिरवायची, कारण कलकत्ता लांब. सेल जरा उतरला की तिला चालायचं नाही, आणि बाई सायकलवरून लाखांदूरला जाऊन नवे सेल आणायच्या. मायलेकी आता बोलायच्याही, अगदी भाजीत मीठ किती इथपासून. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, आणि त्यात बाई सुखी होत्या, हे मी नाकारणार नाही. पण पत्र नको धाडू असं मधूला सांगूनही माय मधेच विचारायची, पत्र काहून नाही येत त्याचं? पूर्वी बाई हाताने खूण करून वेळ मारून नेत. आता तोंडाने, हळू आवाजात सांगावं लागे, कामात असंल, माय. खरं सांगण्यासाठी बनवलेल्या यंत्रातून त्यांना रोज खोटं बोलावं लागत होतं.

सांगते, सांगते असं त्या मला म्हणत. रोवणी होऊ दे, दिवाळी होऊ दे, तिचा खोकला थांबू दे. एकदा मी चिडले. जगाला झाकणं उघडून दाखवता, म्हटलं, आणि स्वतःच्या मायला एक डबी उघडून दाखवत नाही. लहान तोंडी मोठा घास होता तो, बोलून गेल्यावर मला कळलं. बाई रागावल्या नाहीत. काड्यापेटीवर चिठ्ठी चिकटवत राहिल्या.

"काशिरामभाऊची घंटी आठवते ना तुले?" त्या म्हणाल्या. "मी रुसली होती दोन दिवस. ते घंटी म्हशीचीच होती, शोभा. बनवताना मलेच समजलं नाही."

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात माय तापाने पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने डबी मागितली. बाईंनी उशीशी ठेवली, बोंडी कानात बसवली, बटण फिरवून दिलं. आवाज अगदी बारीक झाला होता. आम्ही दोघी जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"बाबू, आता तू नको येऊ," माय म्हणाली. "मीच येऊन राहिली."

संध्याकाळच्या आत ती गेली. तिला माहीत होतं का? केव्हापासून? परक्या अक्षरातलं ते पत्र तिने बाईंच्या पिशवीत पाहिलं होतं का, की आईला कळतं तसंच तिला कळलं होतं? की तापातलं ते बोलणं होतं नुसतं? बाईंनी यावर एक शब्द काढला नाही. कारण शोधल्याशिवाय काही सोडायचं नाही, अशी ज्यांची उभी हयात गेली, त्यांनी हे तसंच सोडून दिलं. मला ते सोडता आलेलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली वरठीला झाली. लग्नही ठरलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा बाई मायच्या जागेवर, उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर डबी, झाकण उघडं. आतल्या तारा पुसून लख्ख केलेल्या, सावरीचा कापूस नवा. नवे सेल घातले, म्हणाल्या. मला समोर बसवून त्यांनी आत काय काय आहे ते पहिल्यापासून दाखवलं, जसं मी ते सहा महिने पाहिलंच नव्हतं. मग बोंडी माझ्या कानात दिली आणि डबी आपल्याकडे ओढली. मला वाटलं, पाढे म्हणतील.

"माय," बाई डबीत म्हणाल्या, अगदी हळू, "मधू गेला. कावीळ झाली होती त्याले. एकटा नव्हता, सोबतचे होते जवळ. मी तुले वरडून नाही सांगू शकली."

मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आलं आइकू?"

 मी मान डोलावली.

"शब्द न शब्द?"

"हो, बाई."

"मंग बरोबर बनलं होतं," त्या म्हणाल्या, झाकण लावलं आणि पेचकस माझ्या हातात दिला. मी तो स्क्रू आवळला. पेचकस दोनदा घसरला. डबी त्यांनी माझ्या पिशवीत घातली. साबणदाणी तुहीच होती, एवढंच म्हणाल्या.

एसटीपर्यंत त्या सोबत आल्या. मी खिडकीजवळ बसले. पुढे पत्रं आली-गेली, एकमेकींकडे येऊ-जाऊ असं बरंच लिहिलं, ते झालं नाही, आणि काही वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या पत्रातून त्या गेल्याचं कळलं. त्यामुळे माझ्यासाठी रामटेके बाई त्या खिडकीखालीच उभ्या आहेत. तारेने बांधलेला चष्मा, पिशवीतून वर आलेला पेचकस. ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि त्या काहीतरी बोलल्या. इंजिनच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून खूण केली, मोठ्यानं बोला. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि तेच पुन्हा बोलल्या, तेवढ्याच हळू. गाडी हलली.

डबी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती, नवे सेल घातलेली. ती काढून कानाला लावावी, एवढं मला सुचलं नाही.